धोंडाक्का टिटवीचा सत्कार

एका जंगलात, मुलांनो, जेवणावळी फार होत.

आज कोल्ह्याच्या मुलीचं लग्न. उद्या सांबराच्या नातवाचं बारसं. परवा रानडुकरांच्या नव्या चिखलाचं उद्घाटन. निमित्त काहीही असो, पंगत ठरलेली. जंगलाच्या मधोमध मोठ्या वडाखाली एक मंगल कार्यालय होतं आणि तिथे रंभाजी नावाचा अस्वल आचारी होता. त्याच्या हातचा मसालेभात खाल्ला की वैरीसुद्धा व्याही व्हायला तयार होत.

या जंगलाची एक रीत होती. पंगतीला जेवण पुरलं, तर यजमानाचं नाक कापलं जाई. पुरलं म्हणजे मोजून रांधलं, आणि मोजून रांधलं म्हणजे हात आखडता घेतला. जेवण उरलं पाहिजे! पाहुणे निघताना हात पुसत विचारत, "काय, किती उरलं?" यजमान म्हणाला "दोन पातेली", की पाहुणे एकमेकांकडे बघत. "सात पातेली" म्हणाला, की म्हणत, "वा, कार्य झालं खरं!"

मग ती सात पातेली कार्यालयामागच्या खड्ड्यात ओतली जात. जेवण असं वाया घालवलं की सगळे मोकळ्या मनाने घरी जात.

हसू नका. तुमच्या मावशीच्या लग्नात काय झालं, ते आईला एकदा विचारा. आणि विचारताना जरा लांब उभे राहा.

ओढ्याच्या पलीकडे एक माळ होता. नुसते दगड आणि कुसळं. त्या वर्षी तर कुसळंही जळून गेली होती. माळावर पारू नावाची एक सशीण राहायची. तिला सात पिल्लं. शेजारी तात्या साळींदर राहायचा. तो इतका म्हातारा होता, की त्याचे काटे तेवढे टोकदार राहिले होते, दात नव्हते. आणखीही बरेच जण होते, पण सगळ्यांची नावं सांगत बसलो तर तुम्ही झोपाल. भूक सगळ्यांना सारखीच होती.

आणि दगडांमध्ये राहायची धोंडाक्का टिटवी.

टिटवी म्हणजे कोण, हे तुम्हाला ठाऊक आहेच. टिटवी ओरडली की कुणाचं तरी बरंवाईट होतं, असं सगळं जंगल मानायचं. त्यामुळे धोंडाक्का दिसली की लोक आधी दगड उचलत आणि मग कोण आहे ते बघत. जन्मात तिला कुणी "या, बसा" म्हटलं नव्हतं. तिलाही आता त्याची सवय झाली होती. म्हणजे, झाली आहे असं ती म्हणायची.

एके दिवशी दुपारी ती कार्यालयाच्या कुंपणावर येऊन बसली. आत कोल्ह्याच्या मुलीचं लग्न होतं. पंगती उठल्या होत्या. रंभाजीने मसालेभाताचं भरलेलं पातेलं कमरेवर घेतलं आणि तो खड्ड्याकडे निघाला. भाताला अजून वाफ होती.

"रंभाजीदादा, त्यो भात आमास्नी द्या की," धोंडाक्का म्हणाली. "पारूची पोरं दोन दिसापास्नं उपाशी हायती."

"आज तुला दिला, तर उद्या सगळा माळ दारात उभा राहील," रंभाजी म्हणाला आणि त्याने पातेलं खड्ड्यावर तिरकं केलं.

 ते बघून धोंडाक्काला राग आवरला नाही. तिने चोच उघडली आणि जीव खाऊन ओरडली, "टिटिव टिव! टिटिव टिव!"

मांडवात एकच धांदल उडाली. नवरीच्या आजीने कपाळाला हात लावला. नवऱ्याच्या काकांनी नवऱ्याला पोटाशी धरलं. नवरीचा बाप धावत मागच्या दाराशी आला.

"अगं बये, गप्प बस! लग्नघर आहे!"

"भात द्या, गप बसते."

"रंभाजी, दे तिला! भात दे, पुऱ्या दे, जिलबी दे, काय असेल ते दे, पण तिची चोच बंद कर!"

त्या दिवशी पारूच्या सात पिल्लांनी जिलबी कशी असते ते पाहिलं. सगळ्यात धाकट्याने आधी ती पायात घालून बघितली.

धोंडाक्का काही खुळी नव्हती. जन्मभर ज्या आवाजापायी दगड खाल्ले, त्या आवाजाने भात मिळतो, हे तिला एका दिवसात कळलं. पुढच्या पंगतीला ती पुन्हा कुंपणावर येऊन बसली. ओरडायचीसुद्धा गरज पडली नाही. तिने नुसता घसा खाकरला. तीन पातेली बाहेर आली.

मग कामाला शिस्त लागली. धोंडाक्काचे नियम कडक होते. ताटातलं एक शीत घ्यायची नाही. "उरलेलं आना, उष्टं न्हाई," ती ठणकावून सांगायची. "माजी मानसं भुकेली हायती, भिकारी न्हाईत." प्रत्येक पातेल्याचा ती वास घ्यायची. आंबूस लागलं तर परत. ऊन चढायच्या आत ससे टोपल्या ओढत माळावर न्यायचे. तात्या साळींदर अंगावरच्या काट्यांना पुऱ्या टोचून आणायचा, एका खेपेला साठ. पुरीला भोक पडलं म्हणून चव जात नाही, हे तेव्हा पहिल्यांदाच सिद्ध झालं.

माळावर वाढप करताना आधी लेकुरवाळ्या, मग म्हातारे, मग धडधाकट, आणि सगळ्यात शेवटी धोंडाक्का. कधी तिच्या वाट्याला नुसता पातेल्याचा तळ यायचा. ती तो टोकरून खायची आणि म्हणायची, "खरपुडीची गंमत येगळीच!"

असा तो सगळा लग्नसराईचा हंगाम गेला. खड्डा रिकामा राहिला आणि माळ भरल्या पोटी निजला. खरं सांगायचं, तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मुलांनो, चांगलं चाललेलं काम बघवत नाही अशी माणसं सगळीकडे असतात, आणि त्यांतली निम्मी सज्जन असतात.

असे एक सज्जन म्हणजे नानासाहेब भारद्वाज.

भारद्वाज पक्ष्याचं दर्शन शुभ असतं. म्हणून नानासाहेबांना प्रत्येक कार्यात पहिल्या रांगेत जागा होती. त्यांनी फक्त दिसायचं. दिसून झालं की जेवायचं. तपकिरी शाल पांघरल्यासारखे पंख, लाल डोळे, आणि दर वाक्याच्या आधी एक छोटासा थांबा. ते जंगलाच्या सन्मान मंडळाचे अध्यक्षही होते. त्यांनी हंगामभर धोंडाक्काला कुंपणावर घसा खाकरताना पाहिलं होतं, आणि त्यांचं मन भरून आलं होतं. खरोखर भरून आलं होतं. त्यात खोट काढायची सोय नाही.

त्यांनी मंडळाची सभा बोलावली.

"बंधूंनो," ते म्हणाले आणि थांबले. "भुकेल्यांच्या तोंडी घास घालणाऱ्या या माउलीला आपण अपशकुनी म्हणतो. धिक्कार असो आपला! मी ठराव मांडतो, की आजपासून टिटवीचं ओरडणं शुभ मानलं जावं."

"पण शुभ आणि अशुभ ठरावाने कसं ठरेल?" मागून एका कासवाने विचारलं.

"बहुमताने," नानासाहेब म्हणाले.

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मोठा सत्कार झाला. धोंडाक्काच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि ज्यांनी तिला नेम धरून दगड मारले होते त्यांनीच तिच्यावर फुलं टाकली. नेम अजून चांगला होता.

धोंडाक्का रडली. तुम्ही तिला हसू नका. जन्मभर जिला कुणी दारात उभं केलं नाही, तिला "या अक्का, बसा अक्का" म्हटल्यावर रडू येणारच. माळावर परत आल्यावर तिने ती शाल पारूच्या पिल्लांना दहा वेळा दाखवली. "बगा, मऊ हाय का न्हाई?" पिल्लं म्हणाली, मऊ आहे. खायची असते का?

पुढच्या आठवड्यात सांबरांकडे बारसं होतं. धोंडाक्का नेहमीसारखी कुंपणावर बसली. यजमान सांबर धावत आलं.

"अहो अक्का, कुंपणावर काय बसता? आत चला! पहिल्या रांगेत, नानासाहेबांच्या शेजारी!"

तिला पानावर बसवलं. बासुंदी वाढली. ती नको म्हणाली, तर तीन जणांनी आग्रह केला. ती पुन्हा नको म्हणाली, तर पाच जणांनी केला. बाळाला तिच्या पायावर घातलं. मग यजमान हात जोडून म्हणाला, "अक्का, आता बाळासाठी थोडं ओरडा की."

ती ओरडली. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकलं.

पंगती उठल्यावर ती मागच्या दाराशी गेली. रंभाजी सहा पातेली घेऊन खड्ड्याकडे निघाला होता.

"रंभाजीदादा, आना हिकडं. ससे आल्याती टोपल्या घिऊन."

रंभाजीने पातेलं खाली ठेवलं आणि दोन्ही कानांना हात लावला. "काय बोलता अक्का! तुम्हाला उरलेलं द्यायचं? शुभ माणसाच्या हाती? मला नरकातसुद्धा जागा मिळायची नाही."

"आरं, काल-परवापतूर देत हुतास की!"

"तेव्हा तुम्ही अपशकुनी होता. तेव्हा चालायचं."

"मग आता माळानं काय खायाचं?"

"हा घ्या नारळ," रंभाजी म्हणाला आणि वाकून तिच्या पाया पडला.

धोंडाक्काचं डोकं तापलं. तिने पूर्वीसारखी चोच वासली आणि बेंबीच्या देठापासून किंचाळली. मांडवातून आवाज आला, "वा! वा! आणखी एकदा!" आणि त्या आनंदात सहाही पातेली खड्ड्यात गेली.

मग एकेक कार्य होत गेलं आणि माळावर एकेक नारळ येत गेला. अकरा नारळ जमले. आता तुम्हीच सांगा, सशाने नारळ फोडायचा कसा? पारूने दगडावर आपटून पाहिला, तर दगडाचा टवका उडाला. तात्याने काटा रोवून पाहिला, तर काटा मोडला. शेवटी पिल्लं नारळांवर बसून राहायची. आधी सातही बसायची. मग पारूचं दूध आटलं. एके दिवशी सकाळी सहाच येऊन बसली.

"धाकटं कुठं हाय?" धोंडाक्काने विचारलं.

"निजलंय," पारू म्हणाली. "उठवलं तर उठत न्हाई. जिलबी आली का, येवढंच इचारतंय."

धोंडाक्काने अंगावरची शाल काढली आणि धाकट्याच्या अंगावर घातली. मग ती बाजूला जाऊन बसली. तिला स्वतःची लाज वाटली. 'या, बसा' हे दोन शब्द तिला आवडले होते, फार आवडले होते, आणि त्यांची किंमत हे पिल्लू देत होतं.

तिने ठरवलं, पुन्हा अपशकुनी व्हायचं.

पण मुलांनो, एकदा गेलेली अब्रू परत मिळत नाही म्हणतात, तसंच एकदा मिळालेली अब्रू घालवणंही सोपं नसतं. दुसऱ्या दिवशी रानडुकरांचं कार्य होतं. धोंडाक्का मुद्दाम मांडवाच्या खांबावर जाऊन बसली आणि मंगलाष्टकं चालू असताना भसाड्या आवाजात ओरडली. योगायोग असा, की त्याच क्षणी वारा सुटला आणि अर्धा मांडव खाली आला. तिला वाटलं, झालं काम!

मांडवाच्या कापडाखालून यजमान रानडुक्कर बाहेर आलं. त्याच्या कपाळाला टेंगूळ होतं. ते धावत आलं आणि तिच्या पाया पडलं.

"अक्का, तुम्ही ओरडलात म्हणून थोडक्यात निभावलं! नाहीतर सगळाच आला असता!"

बारावा नारळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच धोंडाक्का ठकूमावशीकडे गेली.

ठकूमावशी म्हणजे रानमांजर. नात्याने वाघाची मावशी, पण वाघाच्या घरी तिला कुणी बोलावत नसे. कारण मांजर आडवं गेलं की काम फिसकटतं, हे तर टिटवीच्या ओरडण्यापेक्षाही पक्कं. ठकू करवंदीच्या जाळीत एकटी राहायची. पाण्याला जातानासुद्धा आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, आणि वाटेवर कुणी नसेल तरच पलीकडे जायची. आपल्यामुळे कुणाचं वाईट होऊ नये, एवढीच तिची इच्छा.

"मावशे, तुजी अब्रू कशी हाय?" धोंडाक्काने विचारलं.

"कुठली अब्रू? काळं कुत्रंही विचारत नाही मला," ठकू म्हणाली.

"लई बेस. तीच पायजे."

तिने ठकूला सगळं समजावून सांगितलं. ठकू ऐकून घाबरली.

"नको बाई. मी जन्मात कुणाला मुद्दाम आडवी गेले नाही. लोक आधीच नावं ठेवतात."

"जायचं न्हाई ग. 'जाऊ का?' असं नुसतं इचारायचं."

ठकू तरी तयार होईना. तेव्हा धोंडाक्का तिला माळावर घेऊन गेली. ठकूने शालीतलं धाकटं पाहिलं. ते मांजराला बघून पळालंसुद्धा नाही. सशाचं पिल्लू मांजराला बघून पळत नाही, याचा अर्थ ठकूला कळला. ती शेपटी झाडून उठली.

त्याच दिवशी वाघाच्या मुलीचं लग्न होतं. जंगलात असं कार्य झालं नव्हतं. दुपारपर्यंत पंगती उठल्या. उरलं किती? एकवीस पातेली! वाघाच्या मिशीला पीळ बसला होता. पाठवणीची वेळ झाली. नवरी आईच्या गळ्यात पडून रडली, मग बापाच्या पडली, मग डोळे पुसून निघाली. सनई सुरू झाली. आणि वळणावर बघतात तो काय, वाटेच्या कडेला ठकूमावशी बसलेली!

सनई मध्येच बंद पडली. वऱ्हाड जागच्या जागी थिजलं.

ठकूने सवयीने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. मग तिने एक पाय उचलला आणि वाटेवर अधांतरी धरला.

"जाऊ का आडवी?" तिने विचारलं.

वाघ पुढे आला. ज्याच्या डरकाळीने डोंगर हलायचे, तो हात जोडून हळूच म्हणाला, "मावशी, आज नको. पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे. काय हवं ते माग."

"मागच्या दाराची एकवीस पातेली. माळावर. आत्ता, गरम आहेत तोवर."

"रंभाजी!" वाघ ओरडला.

याही खेपेला ससे टोपल्या घेऊन आलेच होते. तात्या साळींदराने एका वेळेला नव्वद पुऱ्या टोचल्या. तो चालताना दिसत नव्हता, नुसता पुऱ्यांचा ढीग चाललेला दिसत होता. माळावर पारूने आधी वरणाचं पाणी धाकट्याच्या तोंडात घातलं. मग मऊ भात घातला. तिसऱ्या दिवशी धाकटं उठलं आणि त्याने नारळावरून मोठ्या भावाला ढकललं. तेव्हा धोंडाक्काच्या जिवात जीव आला.

पुढे सगळं सुरळीत झालं. पहिल्या रांगेत धोंडाक्का, वाटेच्या कडेला ठकू. किती उरलं ते धोंडाक्का पानावरून उठताना बघून ठेवायची आणि ठकूला सांगायची. ठकू आता डावी-उजवीकडे बघतही नसे. तिला तर त्यात थोडी गंमत वाटू लागली होती. लोक तिला शिव्या घालत, आणि जेवण देत. माळ पुन्हा भरल्या पोटी निजू लागला.

आणि नानासाहेब भारद्वाजांचं मन पुन्हा भरून आलं.

त्यांनी सभा बोलावली. धोंडाक्का आता मंडळाची सन्माननीय सभासद होती. ती व्यासपीठावर बसली. ठकू सभेच्या कडेला, झुडपाआड, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा बेताने बसली होती. आपल्याला कशाला बोलावलं, हे तिला माहीत नव्हतं.

"बंधूंनो," नानासाहेब म्हणाले आणि थांबले. "ज्या ठकूमावशीला आपण अशुभ म्हणतो, तिच्यामुळेच आज माळावरची चूल..."

 पुढचं वाक्य कुठे जाणार, हे धोंडाक्काला ठाऊक होतं. तिने झुडपाकडे पाहिलं. ठकूचे कान ताठ झाले होते. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत तिचं नाव चांगल्या कामासाठी घेत होतं. तिचे डोळे चमकत होते, आणि ती चमक कशाची, हे धोंडाक्काहून जास्त कुणाला कळणार?

पण माळावर त्या दिवशीचं जेवण अजून यायचं होतं.

धोंडाक्का उठली.

"माजा इरोध हाय!" ती म्हणाली.

सभा चकित झाली.

"त्या मांजरीचं नाव बी काडू नगा. अवदसा हाय ती! मी माज्या डोळ्यांनी बगितलंय. ती वडाला आडवी गेली, वडाची फांदी वाळली. ती ओढ्याला आडवी गेली, ओढा आटला. तिला शाल दिली तर शालीला कसर लागंल. येवढी करंटी मांजर सात जंगलांत घावायची न्हाई!"

बोलताना तिचा आवाज फुटत होता. सभेला वाटलं, भीतीने फुटतोय.

"अक्का शुभ आहेत. त्या म्हणतात म्हणजे असणारच," रंभाजी म्हणाला.

ठराव बारगळला. बहुमताने.

नानासाहेब फार दुखावले. "अक्का," ते म्हणाले, "ज्या दुःखातून तुम्ही गेलात, त्याच दुःखात तुम्ही एका भगिनीला ढकललंत. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"माजीबी नव्हती, नानासायेब," धोंडाक्का म्हणाली आणि खाली बसली.

सभा संपल्यावर ती खाली मान घालून झुडपाकडे गेली. ठकू तिथेच बसून होती. 

"ओढा आटला ते ठीक," ठकू म्हणाली. "करंटी जरा जास्त झालं."

"मावशे..."

"असू दे. अवदसा मात्र छान म्हणालीस. मनापासून आलं." ठकूने डोळे पुसले आणि ती उठली. "चल. कोल्ह्यांकडे पाठवणी निघायची वेळ झाली. मला जागेवर बसायला हवं."

तात्पर्य : ज्याच्या हातून चार उपाशी पोटं भरतात, त्याचा सत्कार चुकूनही करू नये. अगदीच राहवलं नाही, तर चारचौघांत त्याची मनापासून नालस्ती करावी. तेवढाच आपला समाजकार्याला हातभार.